मुलांना लॉबीपासून दूर ठेवा

थंडी पडली की लालबाग-परळमध्ये कबड्डीचे सामने रंगतात. पण लहान मुले थेट लॉबीत, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यात, शिरतात आणि आईवडील मोबाइलवर चित्रीकरणात गुंग! परवा ऐन चढाईत एक चिमुरडा चेंडूमागे धावत मॅटवर आला. चढाईपटूला खेचणारे तिघे बचावपटू त्याच्यापासून हातभर अंतरावर कोसळले. चढाई जेमतेम 30 सेकंदांची. तेवढ्यात पंचांनी खेळाकडे बघायचे की पोरांकडे? मुले सामन्याला यायलाच हवीत, पुढचे खेळाडू तिथूनच घडतात. मात्र मंडळांनी मैदानाभोवती दोरी बांधावी, प्रत्येक कोपऱ्यात कार्यकर्ता उभा करावा आणि बेफिकीर पालकांना ध्वनिक्षेपकावरून तिथल्या तिथे समज द्यावी. तरीही ऐकले नाही, तर पंचांनी सामना थांबवावा.

– एक कबड्डीप्रेमी, परळ, मुंबई