हवालदाराचं एक वाक्य

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर मी काढत असलेल्या पोलिसी मालिकेचा विषय निघाला की तुम्ही फोन आईच्या हातात देता, म्हणून लिहिते आहे. खाकी उतरवून मी तमाशात गेले असं तुम्हाला वाटतं, हे आईने सांगितलं. रात्रभर झोप लागली नाही.

वीस वर्षांची नोकरी पुरी करून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. क्राइम ब्रँचमधली खुर्ची सोडली, तपास सोडला नाही. परवा चित्रनगरीत एका सीनवरून वाद झाला. आरोपी कोठडीत ढसाढसा रडतो, गुन्हा कबूल करतो, भाग संपतो. मी म्हटलं, असं होत नाही. पोलिसासमोरची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यात कलम 23 आहे, पण गोष्ट तीच. त्याने सांगितल्यावरून जे सापडतं, तेवढंच धरतात.

मग सीन नव्याने लिहिला. शिवडीची खाडी, ओहोटी. जप्तीचे साक्षीदार म्हणून दोन पंच काठावर उभे. आरोपी गुडघाभर चिखलात हात घालून कोयता काढून देतो. जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं, म्हणून एक शिपाई मोबाईल धरून आहे. पाकिटावर लाख ओतायची, तर वाऱ्याने मेणबत्ती विझते. हवालदार टोपी काढून आडोसा धरतो, लाख पूर्ण बसेपर्यंत हलत नाही.

तो हवालदार तुम्ही आहात, बाबा. नायगावच्या क्वार्टरमध्ये मी सहावीत असताना तुम्ही सांगितलं होतंत, सील हललं की वकील सगळी केस उसवतो. आमच्या मालिकांत मात्र हवालदार म्हणजे साहेबांचा चहा आणणारा. ते बघून माझा जीव जळतो.

22 मिनिटांच्या भागात याला 4 मिनिटं गेली. प्रेक्षक चॅनल बदलतील, असं सगळे म्हणाले. निर्माती म्हणून मी नाही ऐकलं. न्यूयॉर्कचे डिटेक्टिव्ह बिल क्लार्कही पोलिसातून निवृत्त होऊन 'एनवायपीडी ब्लू' या पोलिसी मालिकेचे लेखक-निर्माते झाले. तेव्हा ही वाट माझ्या आधी कुणी चाललंच नाही, असं नाही.

आई, गुडघ्याचं तेल पार्सलमध्ये आहे, आळस करू नकोस.

बाबा, सीनची पानं सोबत जोडली आहेत. हवालदाराच्या तोंडचं एक वाक्य कोरं ठेवलंय. टोपी परत डोक्यावर ठेवताना तुम्ही पंचांना काय म्हणाला असतात, ते पेन्सिलीने लिहून पाठवा.

तुमची लेक