सोनूच्या ग्रीन बेल्टबद्दल

टोकियो

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा फोन ठेवल्यापासून सोनूच डोळ्यांसमोर आहे. कराटेचा ग्रीन बेल्ट हुकला म्हणून पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही, ऐकून जीव तुटला. हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखव.

सोन्या, हे रंगीत बेल्ट शेकडो वर्षांपूर्वीचे असतील असं मलाही वाटायचं. इथे ज्युदो शिकायला लागलो तेव्हा कळलं, तसं नाही. ज्यातून ज्युदो निघाला त्या जुन्या जुजुत्सूत बेल्टच्या रंगावरून दर्जा ठरत नसे. गुरू शिष्याला लेखी परवाना देत. मग 1882 साली ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी इथल्याच एइशोजी देवळात, 12 चटयांच्या जागेत, कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. पुढच्या वर्षी दोघा शिष्यांना त्यांनी पहिला 'दान' दिला. दान म्हणजे पायरी. हा शब्द 'गो' या पटावरच्या खेळातला. काळा बेल्ट आला 1886 च्या सुमारास. तुझ्या कराटेत तर मोठे गुरू फुनाकोशी यांनी पहिले ब्लॅक बेल्ट 1924 मध्ये दिले, म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळात! पिवळा, नारिंगी, हिरवा हे रंग रुजले ते युरोपात. पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या कावाइशी यांचा त्यात मोठा वाटा. आमच्या क्लासात मोठ्यांना हिरवा मिळतच नाही. पांढऱ्यानंतर एकदम ब्राउन. मी अजून पांढराच बांधतो.

आणि पहिल्या ब्लॅक बेल्टला म्हणतात 'शोदान'. त्यातला 'शो' म्हणजे आरंभ. तिथून पुढे खरं शिकणं सुरू होतं असं इथे मानतात. ज्युदोत सहाव्या दानापासून लाल-पांढरा बेल्ट बांधता येतो, नवव्यापासून लाल.

आमच्या सेन्सेईंचा, म्हणजे गुरूंचा, काळा बेल्ट तू बघायला हवास. गाठ बसते तिथलं काळं कापड पार झिजलंय, आतलं पांढरं सूत दिसतं. गेल्या बुधवारी माझी गाठ सुटली, तर सत्तरीचा हा माणूस माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. कमरेला दोन वेढे दिले, दोन्ही टोकं ओढून सारखी केली आणि गाठ बांधून दिली. मला काय बोलावं सुचेना, मी नुसता वाकलो.

ताई, त्याची पुढची परीक्षा कधी आहे ते कळव. त्या दिवशी मी फोन करीन. आईचा गुडघा कसा आहे? भावोजींना नमस्कार.

तुझा,
बंड्या