कृष्णेच्या खोऱ्यातील रस्ते सायकलसाठी अनुकूल राखावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा सरला आणि पाऊस ओसरला की शनिवार-रविवारी उजाडायच्या आतच वाईच्या पसरणी घाटात सायकलस्वारांची वर्दळ सुरू होते. पुण्याहून पाचगणी आणि परत हा सुमारे 200 किलोमीटरचा पल्ला ‘बीआरएम’ (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल सफर) करणाऱ्यांच्या नेहमीच्या परिचयाचा असून तो साडेतेरा तासांत पुरा करण्यासाठी मंडळी अंधारातच खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याला वळतात. यातील बहुतेकजण वाईत चहा-पोहे घेऊन थेट घाट चढतात आणि त्याच वाटेने परततात. घाटाच्या पायथ्याशी पसरलेले कृष्णेचे खोरे मात्र त्यांच्या वाट्याला येत नाही. सायकलसाठी इतके अनुकूल रस्ते सातारा जिल्ह्यात अन्यत्र क्वचितच असतील, आणि थोड्या खर्चात ते सुरक्षितही होऊ शकतात. याकडे प्रशासनाचे व वाचकांचे लक्ष वेधावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

वाईहून मेणवलीमार्गे धोमपर्यंतचा रस्ता जवळजवळ सपाट आहे. ऊस, हळद आणि हरभऱ्याच्या शेतांमधून जाताना नदी कधी दिसते, कधी नुसती जाणवते. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर तिथून आणलेली घंटा आजही त्या घाटावर पाहायला मिळते. धोमच्या मंदिरात कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसवलेला आहे, आणि तो पाहण्यासाठी तरी तिथे पाय टेकवावा. खरी मौज त्यापुढे आहे. धरणाची भिंत मागे पडल्यावर रस्ता जलाशयाच्या कडेने लहान लहान चढउतार घेत आत शिरतो, समोर कमळगड उभा राहतो आणि वाहनांचा आवाज जवळजवळ थांबतो. पुढे बलकवडी आणि अगदी टोकाला, महाबळेश्वरच्या कड्यांखाली, जोर हे गाव. कमळगडाच्या दुसऱ्या अंगाला वाळकी नदीचे खोरे असून वासोळ्याकडे जाणारी ती वाटही तितकीच निवांत आहे. अधूनमधून एसटी आणि दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली एवढीच इथली वाहतूक. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत जोर भागात दरडी कोसळल्या, तेव्हापासून पावसाळ्यात या टोकापर्यंत सायकल नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ मात्र उत्तम.

ज्यांना चढाची हौस आहे त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंना डोंगर आहेत. पसरणी घाट बैलगाड्या आणि टांग्यांच्या काळातला, त्यामुळे त्याचा चढ विलक्षण एकसारखा आहे. वाईपासून पाचगणीपर्यंत साधारण बारा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून अधिक उंची गाठावी लागते, पण छाती भरून येईल असा खडा चढ कुठेच लागत नाही. नवख्याने पहिला घाट म्हणून हाच निवडावा. उत्तरेकडचा मांढरदेवचा घाट त्याहून कठीण आहे. तिथे चढ मध्येच उभा होतो आणि उन्हाला आडोसा कमी. तो ओलांडला की भोरकडे उतरता येते. पौष पौर्णिमेला काळूबाईची यात्रा भरते, त्या दिवसांत सायकलस्वारांनी हा रस्ता भाविकांसाठी मोकळा सोडावा. पाचगणीहून भिलार, करहर, कुडाळ असे उतरून पाचवडमार्गे वाईला परतणारी फेरी मला सर्वांत आवडते. तिच्यात स्ट्रॉबेरीची शेते, पुस्तकांचे गाव आणि लांबलचक उतार असे सारे एकाच दिवसात भेटते.

आता अडचणींविषयी. घाटाच्या उतारावर वळणाआधी जे रंबलर, म्हणजे वेग कमी करायला लावणारे रंगाचे जाड आडवे पट्टे, मारलेले असतात, ते बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग असतात. मोटारीला त्याचा नुसता खडखडाट होतो. पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीच्या टायरवर ताशी चाळीसच्या वेगाने उतरणाऱ्याचे मात्र त्या पट्ट्यांवर हँडल इतके थरथरते की ब्रेकवरची बोटे सुटू पाहतात, आणि पुढे लगेच वळण असते. डाव्या कडेला या पट्ट्यांत एक मीटरची फट ठेवली, तर मोटारींचा वेग कमी करण्याचा हेतूही साधतो आणि सायकलही सुखरूप निघून जाते. त्यासाठी जादा पैसा लागत नाही, उलट रंग थोडा वाचतो.

दुसरी गोष्ट साइडपट्टीची. डांबराचे थर एकावर एक चढत गेल्याने खोऱ्यातील अनेक रस्त्यांची कड बाजूच्या मुरमापेक्षा वीतभर उंच झाली आहे. मागून येणाऱ्या गाडीने हॉर्न देऊन दाबले, तर सायकलस्वाराला खाली उतरायला जागाच नसते. चाक कडेवरून घसरले की माणूस रस्त्याच्या बाजूला नव्हे, रस्त्यावर पडतो. खड्डे बुजवल्यानंतर वळणांवर उरणारी बारीक खडीही अशीच घातक आहे. ती झाडून घेणे हे कामाचाच भाग मानले जायला हवे. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसताना पहाटेच्या धुक्यात उभे असतात, त्याचा धोका सायकलइतकाच दुचाकीलाही आहे.

काही जण म्हणतील, मग वेगळा सायकल ट्रॅकच बांधावा. माझा त्याला विरोध आहे. शहरांमधून पेव्हर ब्लॉकचे असे ट्रॅक बांधले गेले आणि पुढे त्यांवर टपऱ्या आणि गाड्या उभ्या राहिल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. खोऱ्यात तर त्यासाठी शेतजमीन आणि झाडे दोन्ही जातील. इथला रस्ता अरुंद आहे, वळणावळणाचा आहे, म्हणूनच तिथे वाहने सावकाश चालतात. तो रुंद आणि सरळ केला तर आज जी शांतता सायकलसाठी अनुकूल आहे तीच नाहीशी होईल. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. सुट्ट्यांच्या दिवशी पाचगणीत मोटारी उभ्या करायला जागा उरत नाही, हेही कोणापासून लपलेले नाही. अशा ठिकाणी सायकलवरून येणारा पाहुणा जागा अडवत नाही, धूर सोडत नाही आणि दर दोन तासांनी कुठल्या तरी गावात थांबून खातोपितो. धोमच्या पलीकडील गावांना त्याच्यापासून मिळणारे उत्पन्न थोडे असेल, पण ते थेट त्यांच्या हाती पडेल. शिवाय हा विषय केवळ शहरातून येणाऱ्या हौशी मंडळींचा नाही. खोऱ्यातून शाळेला सायकलने जाणारी मुले-मुली याच कडेवरून जातात, आणि दुरुस्तीचा पहिला लाभ त्यांना होईल.

सायकलस्वारांनीही काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. घाटात दोघांनी शेजारी-शेजारी गप्पा मारत चढणे, वळणावर थांबून छायाचित्रे काढणे, कानात इअरफोन घालणे आणि एनर्जी जेलची रिकामी पाकिटे जलाशयाच्या काठी टाकणे हे सारे मी पाहिले आहे आणि त्याचा मला मनापासून संताप येतो. हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि अंधारात परावर्तक जाकीट याला पर्याय नाही. उतारावर रस्त्याची मधली रेषा ओलांडून वळण कापणाऱ्याला तर कोणताही फलक वाचवू शकत नाही.

मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम 138 (1अ) समाविष्ट झाले असून, त्यानुसार पादचारी आणि बिनयांत्रिक वाहनांच्या सुरक्षिततेसाठी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला आहे. तो अधिकार वापरला जावा, ही मोठी मागणी झाली. जिल्हा पातळीवर करण्यासारखे त्याआधी पुष्कळ आहे. वाई–मेणवली–धोम–बलकवडी, वासोळे खोरे, पसरणी घाट, मांढरदेव घाट आणि भिलार–करहर–कुडाळ हे पाच मार्ग ‘सायकल मार्ग’ म्हणून जाहीर करून त्यांवर ‘सायकलला अंतर राखून ओलांडा’ असे मराठी फलक लावावेत. दर वर्षी पावसाळ्यानंतर दुरुस्तीची अंदाजपत्रके तयार होतात. साइडपट्टी मुरूम टाकून डांबराच्या पातळीला आणणे, वळणावरची खडी झाडून काढणे आणि रंबलरमध्ये डावीकडे एक मीटर फट ठेवणे, या तीन बाबी त्या अंदाजपत्रकांतच लिहिल्या जाव्यात, अशी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला आणि सार्वजनिक बांधकाम विभागाला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. फट किती आणि कुठे ठेवावी हे ठरवताना स्थानिक सायकलस्वारांना पाहणीस बोलावले, तर आम्ही आनंदाने येऊ.

कळावे,
आपला,
एक सायकलस्वार वाचक, वाई