माठ, कुकर आणि काठीची सावली

अकोला, १० एप्रिल

चि. ओजस यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर विचारता आलं असतं, तरी तू चारही प्रश्न कागदावर लिहून पाठवलेस, याचा मला फार आनंद झाला. आईने ते पत्र देवघराशेजारच्या खिळ्याला लावून ठेवलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवते.

आता पहिला प्रश्न. आत्याकडे नवाकोरा माठ आणला, सावलीत ठेवला, तरी आपल्या घरच्यासारखं पाणी गार होत नाही. माठ खराब आहे का, असं तू विचारलंस. माठ अगदी चांगला आहे. कुंभाराला दोष देऊ नकोस. रत्नागिरीत राहतोस म्हणून तुला हा प्रश्न पडला. इथल्या तुझ्या मित्रांना तो कधी पडणार नाही, कारण इथे माठ म्हटला की पाणी गार असायचंच, हे त्यांनी गृहीतच धरलेलं.

उत्तराआधी एक सवय सांगतो, ती लावून घे. कुणीही कुठल्याही गोष्टीचं कारण सांगितलं, मग ते मी सांगितलेलं का असेना, की विचारायचं: हे कारण खरं असेल, तर ही गोष्ट कुठे घडायला नको? मग तिथे बघायचं. तिथे ती घडली नाही, तर कारणात दम आहे. घडली, तर कारण बदलायचं.

माठाचंच घे. बहुतेक लोक सांगतात, माती थंड असते म्हणून पाणी गार होतं. हे खरं असेल तर आजीच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीतही पाणी गार व्हायला हवं. भरून बघ, होणार नाही. म्हणजे नुसत्या मातीचा हा गुण नाही. बरणीला बाहेरून काचेसारखी झिलई असते, तिच्यातून थेंबही बाहेर येत नाही. माठ मात्र पाझरतो. त्याच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी बाहेर येतं आणि तिथून वाफ होऊन उडून जातं. पाण्याचे कण सतत धावत असतात, काही जोरात, काही हळू. उडून जातात ते जोरात धावणारे. मागे राहतात ते मंद. कणांचा वेग कमी म्हणजेच पाणी थंड. उडणारं पाणी जाताना उष्णता घेऊन जातं, ती अशी. आणि ती थोडीथोडकी नसते. एक लिटर पाणी दहा अंशांनी थंड करायला हिशेबाने फक्त १७-१८ ग्रॅम पाणी उडालं तरी पुरतं. बाहेरची गरम हवा माठाला पुन्हा तापवत असते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त उडावं लागतं.

आता तुझ्या आत्याच्या घरी ये. समुद्र जवळ, हवेत आधीच भरपूर बाष्प. माठावरून जेवढे कण उडतात, त्यातले बरेच हवेतून परत येऊन बसतात. वजाबाकी करून हाती फार काही लागत नाही. म्हणून पाणी दोन-चार अंशांनी उतरतं आणि थांबतं. इकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पण हवा अशी कोरडी असते की धुतलेला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. तिथे उडालेलं पाणी परत येत नाही.

आत्याच्या माठाला बाहेरून हात लाव. तो ओलसर, चिकट लागेल, खाली ताटलीत पाणीही साचत असेल. आपल्या माठाचं अंग दमट असतं, पण ताटलीत सहसा काही साचत नाही. साचलेलं पाणी म्हणजे जे उडू शकलं नाही ते.

माझा रोजचा धंदाच यावर चालतो, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. मार्च लागला की मला दिवसभर फोन येतात, ‘कूलर गार हवा देत नाही, मोटर बघा.’ जाऊन बघतो तर मोटर ठीक, पंप पाणी फेकतोय, वुडवूलच्या ताट्या नीट भिजल्यात. फक्त खोलीच्या खिडक्या घट्ट बंद. लोकांना वाटतं, एसीसारखं गार हवा बाहेर जाऊ द्यायची नाही. पण कूलर हवेत बाष्प सोडतो. ती हवा बाहेर गेली नाही तर खोलीची तासाभरात रत्नागिरी होते. समोरची खिडकी उघडली की पाच मिनिटांत फरक कळतो. माझ्याकडे कूलरची कामं मार्च ते जून. पावसाळा लागला की कूलर असून नसल्यासारखे, कारण मग आपल्या अकोल्याची हवाही दमट होते. जुलैत घरचा माठही आत्याच्या माठासारखाच वागतो. हीच ती ‘कुठे घडायला नको’ची तपासणी, आणि ती गावानेही होते, महिन्यानेही होते.

अजून एक गोष्ट ताट्या बदलताना दरवर्षी दिसते. बोअरच्या जड पाण्याचे क्षार त्यांच्यावर पांढऱ्या खपलीसारखे चढलेले असतात. माठाच्या छिद्रांतही ते असेच बसतात. म्हणून दोन-तीन वर्षांचा माठ पाझरत नाही, आणि पाझरत नाही म्हणून गार करत नाही. अक्षय तृतीयेला नवी घागर भरायची आपली रीत या दृष्टीनेही मला पटते. आणि बाजारात ऑइलपेंटने रंगवलेले, नक्षीचे माठ मिळतात ना, ते शोभेला ठेव. रंगाने छिद्रं बुजलेली असतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत दोन थर्मामीटर मागून घे. एकाच्या फुग्यावर ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळ, दुसरा कोरडा ठेव. दोन्ही पंख्याखाली दहा मिनिटं धर. दोघांच्या आकड्यांत जो फरक येईल, साधारण तेवढाच तुमच्याकडचा माठ पाणी गार करू शकतो, त्यापलीकडे नाही. हवामान खातं हवेतली आर्द्रता काढायला असेच दोन थर्मामीटर शेजारी शेजारी ठेवतं. मी इकडे करून आकडे लिहून ठेवतो.

दुसरा प्रश्न कुकरचा. तुझा मित्र म्हणतो, वाफेवर शिजतं म्हणून डाळ लवकर होते. तपासणी लाव. आत्या मोदक उकडते तेही वाफेवरच. मग मोदकपात्रात घातलेली तूरडाळ कुकरइतक्या लवकर शिजली पाहिजे. ती शिजत नाही. मोदकपात्रातली वाफ साधारण १०० अंशांची असते. उघड्या पातेल्यातलं पाणीही उकळायला लागलं की तिथेच थांबतं. खाली गॅस कितीही मोठा कर, पाणी जास्त गरम होत नाही, फक्त भराभर आटतं. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि दाबाखाली पाण्याला उकळायला जास्त तापावं लागतं. शिट्टीचं वजन असं ठरवलेलं असतं की आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट होईपर्यंत ती उचलली जात नाही. तेव्हा आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास असतं. डाळीला हे वरचे वीस अंश फार मोठे आहेत.

तपासणी उलटीही करता येते. दाब कमी केला तर शिजायला उशीर व्हायला हवा. डोंगरावर हवेचा दाब कमी असतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंच, तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे ८८च्या जवळपास. तिथे उघड्या पातेल्यात डाळ ठेवली तर संध्याकाळपर्यंत वाट बघत बसावं लागेल. असं दाबाचं भांडं देनी पापँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये केलं होतं, आणि भांडं फुटू नये म्हणून त्याला वजनाची झडपही त्यानेच लावली. आजची शिट्टी तिच्याच वंशातली.

शिट्ट्या का मोजतात, हेही तू विचारलंस. सवय म्हणून मोजतात. गॅस मोठा असला की शिट्ट्या पटापट होतात, पण डाळीला वेळ तेवढाच लागतो. पहिली शिट्टी झाली की आतलं तापमान वर जायचं तेवढं गेलेलं असतं. मग गॅस बारीक करून घड्याळ बघायचं. आत्याला हे नीट समजावून सांग, सिलिंडर जास्त दिवस जाईल. आणि प्रेशर पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, प्रयोग म्हणूनसुद्धा नाही.

हळदीचं थोडक्यात सांगतो. शर्टावर वरण सांडलं, साबण लावला आणि डाग लालभडक झाला म्हणून तू घाबरलास. हळदीतला रंग आम्लारीशी गाठ पडली की लाल होतो, आणि कपड्याचा साबण आम्लारीधर्मी असतो. पांढऱ्या कागदावर हळद कालवून लाव, वाळव, आणि त्यावर खायचा सोडा, चुन्याची निवळी, साबण, लिंबू, शाम्पू यांचा एकेक थेंब टाक. पहिल्या तिघांनी लाल होईल, लिंबाने पुन्हा पिवळा, आणि बऱ्याच शाम्पूंनी काहीच होणार नाही. म्हणजे नुसता ‘फेस येतो म्हणून लाल होतो’ असं नाही. कुंकूही पूर्वीपासून हळदीत चुना घालूनच करतात. डाग मात्र साबणाने पूर्ण जाणार नाही. शर्ट कडक उन्हात वाळत घाल, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

आता चौथा प्रश्न, माझा सगळ्यात आवडता. वर्गात कुणीतरी सांगितलं की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उकडतं. ऐकायला किती सरळ वाटतं! पण विचार, तसं असेल तर कुठे थंडी असायला नको? साऱ्या पृथ्वीवर एकदम उन्हाळा पाहिजे. आणि तू तर दरवर्षी २६ डिसेंबरला मेलबर्नची कसोटी बघायला पहाटे उठतोस. आपण शाल पांघरलेली, आणि तिथले प्रेक्षक टोप्या घालून उन्हात बसलेले. एवढ्यावर ते कारण मोडतं. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब असते, १५ कोटी २१ लाखांवर. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे म्हणून. जो अर्धा भाग सूर्याकडे कलतो, तिथे ऊन उभं पडतं आणि दिवस मोठा होतो.

उभं ऊन तुला मे महिन्यात डोळ्यांनी दाखवतो. २३ मेच्या सुमाराला अकोल्यात सूर्य बरोबर डोक्यावर येईल आणि अंगणात उभ्या केलेल्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होईल. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. पुण्यात तो १३-१४ मेला येतो, नागपुरात २६च्या आसपास, तुमच्या रत्नागिरीत त्याआधीच, ८ तारखेच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग. दिल्लीत तो कधीच येत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. आणि हे भर बाराला होत नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या पश्चिमेला. म्हणून अकोल्यात सूर्य माथ्यावर यायला बारा वाजून अठरा-एकोणीस मिनिटं होतात.

पण त्याआधी आपण दोघं मिळून एक काम करू. तुझी परीक्षा १८ला संपते. २० एप्रिलला तू तिथे, मी इथे, एकाच मापाची काठी उभी करायची, बरोबर १ मीटर. मी काठीला ओळंबा लावून घेतो, तू दोऱ्याला दगड बांधून काठी सरळ आहे का ते बघ. जमीन सपाट हवी, गच्ची उत्तम. तुझ्याकडे सावली सगळ्यात आखूड होईल ती १२ वाजून ३६ मिनिटांच्या आसपास, म्हणून सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करत जा आणि पाऊण वाजता थांब. सर्वांत आखूड सावलीची लांबी मिलिमीटरपर्यंत लिहून घे. मी इथे १२ वाजून २१च्या सुमाराला तेच करतो. सूर्याकडे थेट बघायचं नाही. आपल्याला लागते ती जमिनीवरची सावली.

काठी आणि सावली कागदावर प्रमाणात काढून टोकं जोड आणि काठीच्या वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोज. तुझा कोन माझ्यापेक्षा लहान येईल. दोन कोनांचा फरक म्हणजे अकोला आणि रत्नागिरी या दोघांमधला पृथ्वीच्या गोलाईचा तुकडा. नकाशावर रत्नागिरीतून आडवी रेघ ओढ आणि अकोला तिच्या किती उत्तरेला आहे ते स्केलने मोज. ते अंतर ४१० किलोमीटरच्या आसपास येईल. एवढ्या अंतराला तेवढा कोन, तर ३६० अंशांना किती? सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनिसने असाच त्रैराशिक मांडून पृथ्वीचा घेर काढला होता. त्याच्या दोन गावांतला कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका होता. आपल्या गावांतला त्याच्या निम्म्याच्या आसपास येईल, म्हणून चुकीला जागा जास्त. माप काटेकोर घे.

तुझं उत्तर आल्याशिवाय मी माझं सांगणार नाही. ढग आले तर २१ला करू, नाहीतर २२ला. आत्याला आणि काकांना नमस्कार सांग. मीटरपट्टी नसेल तर काकांच्या दुकानातला मोजायचा टेप माग, कापडी नको, स्टीलचा घे. कापडी टेप ताणला जातो.

तुझे,
बाबा