सुरमई रात्रीत मुंबईला पोचते, साहेब. रक्ताची नळी का नाही?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस स. न. वि. वि.

मी हर्णै बंदरावर मासळीचा धंदा करते. माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झाला. परक्या दात्याच्या मूळपेशी मिळाल्या, मुंबईत प्रत्यारोपण झालं. त्यात बोटीचं इंजिन विकलं गेलं, पण ते गाऱ्हाणं वेगळं.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, दर आठवड्याला ईबीव्ही पीसीआर, म्हणजे रक्तात ईबीव्ही विषाणू किती आहे ते मोजायची चाचणी, करायचीच. ईबीव्ही म्हणजे एपस्टाइन-बार हा विषाणू 1964 साली सापडला. दहांतल्या नऊहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात तो निपचित असतो, कारण रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याच्यावर पहारा ठेवतात. दात्याच्या पेशी भावावर उलटू नयेत म्हणून एटीजी नावाचं औषध दिलं, त्यात हे पहारेकरीच कमी झाले. अशा वेळी विषाणू शिरलेल्या बी-पेशी (याही पांढऱ्या पेशीच) बेसुमार वाढून लिम्फोमासारखा, म्हणजे गाठींच्या कॅन्सरसारखा, आजार होऊ शकतो, त्याला पीटीएलडी म्हणतात. पहिले सहा महिने जास्त धोक्याचे. आणि त्या बी-पेशी बहुतेकदा दात्याच्याच असतात! ज्या रक्तानं जीव वाचवला त्यातच हे.

जुलैत दरड कोसळली, घाट बंद, दोन आठवड्यांच्या चाचण्या चुकल्या. नेमका तेव्हाच ताप आला. मानेवर सुपारीएवढी गाठ. आई म्हणाली, अवधाण असेल, शेक दे. गावच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. त्यांना बोल लावत नाही. त्यांच्याकडे असा पेशंट आधी कधी आला असणार? मुंबईला पोचलो तोवर विषाणूचा आकडा हजारांतून लाखांत गेला होता. बी-पेशी मारणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाचे चार डोस झाले तेव्हा गाठ बसली. आकडा वेळेत कळला असता, तर हेच औषध गाठ येण्याआधी देता आलं असतं.

लागतं काय? जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडं रक्त आणि थंड डबा. आमच्या लिलावातली सुरमई संध्याकाळी बर्फात पडते नि पहाटे मुंबईच्या बाजारात असते. दापोली, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या वारी नमुने घ्या, रात्रीत मुंबईच्या लॅबला पाठवा, रिपोर्ट फोनवर कळवा. चाचणीचा खर्च महात्मा फुले योजनेत धरा. आम्ही तो दर खेपेला खिशातून भरला. आणि प्रत्यारोपण झालेल्या माणसाला ताप आला तर मुंबईत कुणाला फोन लावायचा, तो नंबर गावच्या डॉक्टरांकडे असू द्या.

भावाचा पुढचा नमुना गुरुवारी आहे. बुधवार रात्रीच्या एसटीची दोन तिकिटं काढून ठेवली आहेत.

कळावे,
हर्णैची एक मासळीवाली