बॅकहो एकाच बाजूला अडत असेल तर दोष पंपाचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की कोकणात खोदकामाची घाई उडते. हापूसच्या कलमांसाठी १ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डे, पाणंदीच्या कडेचे चर, परसात घसरून आलेली दरडीची माती, ही सारी कामे मृगाच्या आत उरकायची असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत ट्रॅक्टरला जोडलेले बॅकहो, म्हणजे मागच्या लांब हाताने खोदणारी यंत्रे, वर्कशॉपच्या दारात उभे दिसतात. बूम, म्हणजे तो लांब हात, उचलतो, बकेट भरते, पण बूम बाजूला वळताना अडतो किंवा हिसके देतो, ही त्यांतली नेहमीची तक्रार. तिचे निदान आपल्याकडे ज्या रीतीने होते, त्याविषयी अनुभवाने चार शब्द लिहीत आहे.

गेल्या एप्रिलमध्ये माझे यंत्र डावीकडे व्यवस्थित वळत होते, उजवीकडे मात्र रिकाम्या बकेटनिशीही रेंगाळत होते. पहिल्या मेकॅनिकने दोन्ही स्विंग सिलिंडरांचे (बूम बाजूला वळवणाऱ्या सिलिंडरांचे) सील किट, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदलले, दुसऱ्याने तेलाचा पंपच बदलायला लावला, आणि एका दुभत्या म्हशीची किंमत खर्ची पडूनही यंत्र होते तसेच राहिले. वास्तविक पंप एकच असतो. तोच बूम उचलतो, तोच बकेट ओढतो आणि तोच दोन्ही बाजूंना वळवतो. तो थकला असता तर सगळ्याच हालचाली मंदावल्या असत्या. एवढा साधा विचार मलाही वेळेवर सुचला नाही, हे कबूल केले पाहिजे.

सिलिंडरांचेही तसेच आहे. बहुतेक बॅकहोंना वळण्यासाठी दोन सिलिंडर असतात आणि एकाचा मागचा भाग दुसऱ्याच्या पुढच्या भागाशी होजने (रबरी नळीने) जोडलेला असतो, म्हणजे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. त्यामुळे पिस्टनचे सील गेले तर तेल एका मार्गातून दुसऱ्यात झिरपते आणि जोर दोन्ही बाजूंना कमी होतो. जोर एकाच बाजूला कमी असेल तर संशय त्या बाजूच्या वस्तूंवर घ्यावा: लिव्हरने तेलाची वाट बदलणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हवरील त्या मार्गाचा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेबाहेर गेला की तेल सोडून देणारा), वेग आवरण्यासाठी बसवलेले बारीक छिद्राचे रिस्ट्रिक्टर, आतून सोललेला होज, किंवा लिव्हरचा सांधा झिजल्यामुळे पूर्ण न सरकणारा स्पूल, म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्हमधली सरकती दांडी. रिस्ट्रिक्टर कचऱ्याने तुंबला तर वळण मंदावते. कोणी तो काढूनच टाकला असेल तर बूम टोकाला जाऊन धाडकन आदळतो.

तिसरे मिस्त्री वयस्क होते. त्यांनी नवा भाग मागितलाच नाही. यंत्र सपाट जागी उभे करून त्यांनी स्विंगचे दोन्ही रिलीफ व्हॉल्व्ह, ते एकाच मापाचे आणि एकाच दाबाचे असल्याची खात्री करून, आपसांत बदलले. लगेच उजवे वळण सुधारले आणि डावे रेंगाळू लागले. दोष व्हॉल्व्हबरोबर गेला होता. उघडल्यावर त्याच्या बैठकीत कधीकाळी फाटलेल्या सीलची नखाएवढी चकती अडकलेली मिळाली. दोष तसा हलला नसता, तर कंट्रोल व्हॉल्व्हपाशी स्विंगचे दोन होज उलटे जोडून पाहायचे, असे त्यांनी सांगितले. मग लिव्हर आणि बूम यांच्या दिशा उलट होतात; लिव्हर त्याच बाजूला नेल्यावर अशक्तपणा दिसला तर दोष कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये, आणि बूम त्याच बाजूला जाताना दिसला तर तो होजमध्ये किंवा सिलिंडरच्या बाजूला.

सपाट जागेचा आग्रह आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपली निम्मी कामे उतारावरच चालतात आणि चढाच्या बाजूला बूम जड जाणे हा बिघाड नव्हे. खरे नुकसान होते ते बकेटने जांभ्याचे दगड आडवे लोटल्याने. बूम बाजूला रेटला की दर वेळी रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, तेलातला कचरा त्याच्या बैठकीत शिरण्याची संधी मिळते आणि सांध्यांचे पिन-बुश ढिले होतात. मग तो ढिलेपणाही लोक हायड्रॉलिकच्या खात्यावर मांडतात. खाऱ्या वाऱ्याने सिलिंडरच्या दांड्याच्या क्रोमवर बारीक खड्डे पडतात आणि तो खडबडीत दांडा नव्या सीलला महिनाभरही टिकू देत नाही. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी आहे, हे २०२१ च्या जुलैतला पूर पाहिलेल्या चिपळूणकरांना सांगायला नको.

एक गोष्ट मात्र कोणी करू नये. जोर वाढावा म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू दाबाचे गेज न लावता आवळण्याची खोड बऱ्याच ऑपरेटरांना आहे. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार दाब असतो. येथे तो १५० बारच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतो. होजच्या सुईएवढ्या भोकातून उडालेले तेल कातडीत शिरते, जखम काट्याएवढी दिसते आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावे लागू शकते. म्हणून गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. कोणताही होज सोडण्यापूर्वी बकेट जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून, सगळे लिव्हर दोन-चार वेळा हलवून दाब उतरवावा.

विक्रेत्यांना माझी विनंती आहे की यंत्रासोबत तेलाच्या मार्गाची आकृती मराठीत द्यावी, आणि आपल्या जिल्ह्यांतील आयटीआयमध्ये दाबाचे गेज लावून दोष शोधण्याचा सराव प्रत्यक्ष यंत्रावर करून घ्यावा. माझ्या पुस्तिकेत ती आकृती होती, पण इंग्रजीत आणि शेवटून दुसऱ्या पानावर. मिस्त्रींनी ते पान उघडून दोन्ही रिलीफ व्हॉल्व्हवर बोट ठेवले तेव्हा नवा पंप बसून पंधरा दिवस झाले होते.

आपला,
एक आंबा बागायतदार,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी