गाडीच्या तापमानाच्या काट्याचे खरेखोटे तपासून देणाऱ्या वायरमन काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपल्या दुकानात येऊन दोन शब्दांत आभार मानले तेव्हा आपण "त्यात काय एवढं" म्हणून पुढच्या गाडीकडे वळलात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघड लिहिण्याचे कारण असे की, आपण माझ्या गाडीवर ज्या क्रमाने काम केलेत, तो क्रम जुनी गाडी सांभाळणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

आमची मारुती ८०० बाबांनी १९९७ साली घेतली. आता बाबा गाडी चालवत नाहीत. पण दर रविवारी तिचे बोनेट उघडून पाणी आणि ऑइल पाहण्याचा त्यांचा नेम सुटलेला नाही. गेल्या मे महिन्यात आईबाबांना घेऊन पाचगणीला निघाले असता, वाई सोडून पसरणी घाट चढताना तापमानाचा काटा एकाएकी वर सरकला आणि 'एच'ला, म्हणजे 'हॉट'ला, जाऊन टेकला. मी घाबरून गाडी कडेला घेतली. वाफ नव्हती, वास नव्हता, बाटलीतले पाणी जिथल्या तिथे होते. तरीही मला वाटले की इंजिन गेले, आणि त्या भीतीपोटी मी पुढचे दोन महिने चुकीच्या दिशेने खर्च करत राहिले.

ज्या गॅरेजमध्ये मी गाडी आधी दिली, तिथे रेडिएटर साफ झाला, त्याचे झाकण बदलले, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला आणि काट्याला तापमान कळवणारा नवा सेन्सर बसवला. त्यानंतर काटा 'सी'वरून, म्हणजे 'कोल्ड'वरून, हलेना, तेव्हा आम्ही समजलो की गाडी आता थंड राहते. पुढे एकदा पुण्याहून परतताना खंबाटकी घाटात तो पुन्हा 'एच'ला गेला, आणि मग हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधली सील) गेली आहे, इंजिन खोलावे लागेल, असे सांगण्यात आले. गाडी भंगारात द्यावी की काय, हा विषय आमच्या घरी जेवताना निघू लागला होता. त्याच आठवड्यात शेजारच्या रिक्षावाल्या दादांनी मला आपल्याकडे पाठवले.

आपण बोनेट उघडण्यापूर्वी मला तीन प्रश्न विचारलेत. काटा 'एच'ला जायला किती वेळ लागला? त्या वेळी रेडिएटरचा पंखा फिरत होता का? आणि काटा कधी मधे थांबलेला पाहिला आहे का? माझी उत्तरे होती: अर्ध्या मिनिटाहून कमी, नाही, आणि नव्या सेन्सरनंतर एकदाही नाही. आपण मान हलवलीत आणि समजावून सांगितलेत की, इंजिनातले धातू आणि पाणी इतक्या थोड्या वेळात तितके तापू शकत नाही. शिवाय पंखा स्वतःच्या वेगळ्या स्विचवर चालतो, त्याचा काट्याशी संबंध नाही. तेव्हा काटा एक सांगतो आणि पंखा दुसरे, तर दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे, आणि कोण ते तिसऱ्याला विचारून ठरवायचे.

तो तिसरा म्हणजे आपली तापमान मोजायची बंदूक. करोनाच्या काळात घेतलेली कपाळाची बंदूक माझ्या पर्समध्ये होती, ती मी पुढे केली, तेव्हा ती ताप मोजण्यापुरतीच असते, इंजिनाच्या तापमानापर्यंत तिचा आकडा पोहोचतच नाही, हे आपण न हसता सांगितलेत. चकचकीत धातूवर अशी बंदूक कमी आकडा दाखवते, म्हणून आपण थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरलात. गाडी वीस मिनिटे चालू ठेवूनही आकडा सत्तरीच्या आसपासच राहिला. म्हणजे इंजिन तापत तर नव्हतेच, उलट थर्मोस्टॅट नसल्यामुळे ते हवे तितके गरमही होत नव्हते. थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते, म्हणून तो नसलेलाच बरा, ही समजूत आपल्याकडे फार पसरली आहे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते आणि अॅव्हरेज घसरते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. गाडी लिटरमागे दोन किलोमीटर कमी का देत होती, याचेही उत्तर तिथेच मिळाले.

हेड गॅस्केटचा संशय आपण तसाच उडवून लावला नाहीत, याचे मला विशेष वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, आपण रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू केलीत आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते बराच वेळ पाहिलेत. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, पाण्याची पातळी उतरत नव्हती. त्यानंतरच आपण म्हणालात, "इंजिनाला हात लावायचं कारण नाही." गरम गाडीचे झाकण कधीही उघडू नये, कारण दाबाखाली असलेले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते आणि झाकण फिरवताच ते एकदम उसळून हातातोंडावर येते, हे आपण मला दोनदा बजावलेत.

मग खरे निदान सुरू झाले. आपण सेन्सरची एकुलती एक वायर काढलीत, काटा 'सी'वर. तीच वायर क्षणभर इंजिनाला टेकवलीत. काटा सरसर 'एच'कडे निघाला आणि आपण ती लगेच सोडलीत. यावरून मीटर चांगले आहे हे ठरले. सेन्सरचा रोध (विजेला होणारा अडथळा) गार असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी असतो, म्हणून वायर थेट अर्थ झाली, म्हणजे गाडीच्या धातूला टेकली, की मीटरला इंजिन अतिशय तापल्यासारखे वाटते, हे आपण वहीच्या पानावर रेघा काढून दाखवलेत. वायर सुटी ठेवूनच आपण ती हाताने चाचपत मागे मागे गेलात, आणि एका जागी हलवताच काटा आपोआप चढू लागला. तिथली क्लिप तुटलेली होती, वायर पत्र्याच्या कडेवर घासून तिचे वेष्टन गेले होते, आणि घाटातल्या वळणांवर इंजिन हलले की उघडी तार बॉडीला टेकत होती. पसरणीचे आणि खंबाटकीचे कोडे एवढेच होते.

पण आपण तिथे थांबला नाहीत. वायर नीट केल्यावर काटा 'सी'वरच राहील, हे आपल्याला आधीच दिसले होते. एका वायरच्या सेन्सरला अर्थ मिळतो तो त्याच्या आट्यांतून; आणि नवा सेन्सर बसवताना त्या आट्यांवर पांढऱ्या टेपचे इतके वेढे दिलेले होते की मल्टीमीटरवर (विजेची मापे घेणाऱ्या यंत्रावर) सेन्सरची बॉडी आणि इंजिन यांचा एकमेकांशी संबंधच दिसेना. मला यातले हेच सर्वांत गंभीर वाटते. 'एच' दाखवणारा खोटा काटा माणसाला थांबवतो. 'सी' दाखवणारा खोटा काटा खरोखर तापलेल्या इंजिनावरही गाडी पळवू देतो. इतके दिवस मी त्या 'सी'वर विसंबून आईबाबांना फिरवत होते.

सेन्सर काढलाच आहे तर तपासूनच बसवू, असे म्हणून आपण स्टोव्हवर पाण्याचे पातेले ठेवून सेन्सर त्यात धरलात. थर्मामीटर ५० अंशांवर असताना मल्टीमीटरने दीडशेच्या आसपास ओहम दाखवले, ८० अंशांवर पन्नासच्या जवळ, आणि पाणी उकळू लागले तेव्हा तिशीच्या घरात. थर्मामीटर १०० ऐवजी ९७-९८वर थांबला तेव्हा मला तो बिघडलेला वाटला. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून उंच आहे, इथे पाणी तेवढ्यालाच उकळते, हे आपण सांगितल्यावर भूगोलाची शिक्षिका असूनही मी क्षणभर गप्प झाले. त्याच पातेल्यात नवा थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून सोडलात, आणि ८२ अंशांच्या सुमारास त्याचे तोंड उघडू लागलेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. विकत आणलेला नवा भागही न तपासता बसवायचा नाही, ही आपली शिस्त मी आता वर्गात सांगते.

आपण एकूण घेतलेले पैसे आधीच्या खर्चाच्या चौथ्या हिश्शाइतकेही नव्हते. इंजिन खोलायला मी तयार होऊनच आले होते. आपण होकार दिला असता तर मी एक शब्दही विचारला नसता. बाबांना हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त किल्ली मागून घेतली आणि गाडीत जाऊन बराच वेळ बसून राहिले.

गेल्या रविवारी आम्ही तिघे पुन्हा पसरणी चढून पाचगणीला गेलो. काटा मध्याच्या किंचित खाली उभा होता, चढावर थोडा वर गेला, टेबललँडजवळ गाडी उभी केल्यावर पंखा एकदा फिरून थांबला आणि काटाही त्याबरोबर उतरला. दोघांचे एकमत झालेले बाबांनी मला बोट दाखवून दाखवले. आपण लिहून दिलेला रोधाच्या आकड्यांचा कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवला आहे. रेडिएटरचा वरचा होज पाइप (पाण्याची रबरी नळी) बोटाने दाबल्यावर कडक लागतो, तो बदला, असे आपण सांगितले होते. तो आणून ठेवला आहे. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर गाडी घेऊन येते, आणि या वेळी बाबाही सोबत येतील. त्यांना ते पातेले पाहायचे आहे.

आपली कृतज्ञ,
शाहूपुरीतील एक शिक्षिका
सातारा